पिता, पुत्र, पवित्र आत्मा: मग देव एकच कसा?

प्रश्न असा आला आहे: ख्रिस्ती लोक स्वतःला एकेश्वरवादी म्हणवतात, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांनाही देव म्हणतात. मग हे तीन देव झाले नाहीत का? की हे आपल्या दत्तासारखं आहे? आणि ३२५ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने सभा भरवून मतदानाने येशूला देव ठरवलं, त्याआधी असं काही नव्हतं, हे खरं का?

थोडक्यात उत्तर: तीन देव नाहीत. दत्तासारखंही नाही. आणि कॉन्स्टंटाइनने सभा बोलावली हे खरं, पण येशूला देव त्याने केलं नाही. एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही आणि व्हायलाही नको, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाप्तिस्म्याआधीचे वर्ग मी बरीच वर्षं घेत आलो आहे. हा प्रश्न तिथे बहुतेक वेळा बेरजेच्या रूपात येतो. एक अधिक एक अधिक एक तीन होतात, तुम्ही एक कसे म्हणता? पण बेरजेपासून सुरुवात केली की पुढचं काहीच नीट लागत नाही, कारण ही शिकवण कुणी पाटीवर हिशेब मांडून काढलेली नाही. ती प्रार्थनेतून आली. काही लोक एका विशिष्ट रीतीने प्रार्थना करू लागले, आणि आपण करतोय ती मूर्तिपूजा तर नव्हे ना, याचा जाब त्यांना पुढची तीनशे वर्षं स्वतःलाच द्यावा लागला. त्या जाबाला त्रैक्य म्हणतात.

हे लोक कोण होते ते आधी पाहा. ते यहुदी होते. रोमन साम्राज्यात गावोगावी देवळं होती, आणि आणखी एका देवाची भर पडली तर कुणाला काही वाटत नसे. अपवाद होता तो यहुद्यांचा. ‘हे इस्राएला, ऐक, आपला देव परमेश्वर एकच आहे’ या अर्थाचं, जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं वचन ते सकाळ-संध्याकाळ म्हणत, आणि त्यासाठी मरायची तयारी ठेवत. येशूला कुणी सर्वांत मोठी आज्ञा विचारली तेव्हा त्यानेही उत्तराची सुरुवात याच वचनाने केली (मार्क १२:२९). दुसरा देव सहज आत शिरेल अशी ही जागा नव्हे. म्हणून पुढे जे घडलं त्याचं कारण शोधावं लागतं.

येशूचा प्रेषित पौल याने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, ५५ सालाच्या सुमारास पत्र लिहिलं. विषय अगदी व्यवहारातला आहे: मूर्तीला वाहिलेलं मांस खावं की खाऊ नये? त्या ओघात तो म्हणतो की आपल्याला एकच देव आहे, म्हणजे पिता, ज्याच्यापासून सगळं झालं, आणि एकच प्रभू आहे, म्हणजे येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सगळं झालं (१ करिंथ ८:६). त्या रोजच्या वचनात ‘देव’ आणि ‘प्रभू’ अशी एकाच परमेश्वराची दोन संबोधनं आहेत. पौलाने त्यांपैकी एक पित्याला आणि एक येशूला लावलं, आणि तरीही ‘एकच’ हा शब्द जागचा हलू दिला नाही. विशेष म्हणजे तो हे समजावत बसत नाही. वाचणाऱ्यांना हे ठाऊक आहे असं धरून तो मांसाच्या प्रश्नाकडे वळतो.

पौलाच्याच फिलिप्पैकरांस पत्रातला दुसऱ्या अध्यायातला उतारा याहून धाडसी आहे. येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल, असं तिथे म्हटलंय. हे शब्द जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायातले. तिथे ते परमेश्वर स्वतःबद्दल बोलतो, आणि तेही ‘मीच देव आहे, दुसरा कोणी नाही’ असं बजावून झाल्यावर. एकेश्वरवादाचं सर्वांत कडक वचन उचलून पौल ते काही वर्षांपूर्वी क्रुसावर मारल्या गेलेल्या माणसाला लावतो. अनेक अभ्यासकांच्या मते हे पौलाने नव्याने रचलेलं नसून आधीपासून गायलं जाणारं स्तोत्र आहे. तसं असेल तर हा काळ आणखी मागे जातो.

आता बाहेरच्या माणसाची साक्ष. ११२ सालाच्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमन अधिकारी धाकटा प्लिनी सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. चौकशीत त्याला कळलं होतं की ते ठरावीक दिवशी उजाडण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला, जणू तो देव आहे असं मानून, आळीपाळीने स्तोत्र गातात. प्लिनीला ख्रिस्ती मताचं कौतुक नव्हतं. त्याच्या लेखी तो हट्टी अंधविश्वास होता. ज्या निकेया शहरात पुढे ती प्रसिद्ध सभा भरली ते याच बिथुनियातलं, आज तुर्कस्तानातलं इझ्निक. म्हणजे जे सम्राटाने ३२५ साली ठरवलं असं तुम्ही वाचलंत, ते त्याच प्रांतातले लोक दोनशे वर्षं आधीपासून पहाटे गात होते.

मग ३२५ पूर्वी काय नव्हतं? नेमकी भाषा नव्हती. त्रैक्य हा शब्द पवित्र शास्त्रात कुठेही नाही, आणि ते मान्य करायला मला कधी संकोच वाटला नाही. अंत्युखियाच्या थियोफिलसने १८०च्या आसपास ग्रीकमध्ये आणि नंतर कार्थेजच्या टर्टुलियनने लॅटिनमध्ये तशा शब्दांना वाट करून दिली. त्या काळातल्या काही चांगल्या लेखकांची पुत्राविषयीची वाक्यं आज वाचली तर तो पित्याहून थोडा खालचा आहे असं वाटतं. वस्तू हातात होती, तिला नाव देताना अडखळणं चालू होतं.

या अडखळण्यात दोन सोप्या वाटा पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली वाट साबेलियसच्या नावाने ओळखली जाते. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये तिची चर्चा होती. देव एकच, तो कधी पिता म्हणून, कधी पुत्र म्हणून, कधी आत्मा म्हणून प्रकट होतो, असं हे मत. ऐकायला गोड, आणि एकेश्वरवाद शाबूत. आपल्याकडे रविवारच्या शाळेत मुलांना पाणी, बर्फ आणि वाफेचा दाखला देतात, किंवा एकच बाई कुणाची आई, कुणाची मुलगी, कुणाची पत्नी असं सांगतात. तो नेमका हाच साबेलियस. मंडळीने अठराशे वर्षांपूर्वी जे नाकारलं ते आपण मुलांना रंगीत चित्रांसह शिकवतो! ते नाकारण्याचं कारण शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रातच, आहे. गेथशेमाने बागेत येशू घाम गाळत पित्याला विनवतो, ‘माझ्या इच्छेप्रमाणे नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.’ पिता आणि पुत्र ही एकाच नटाची दोन सोंगं असतील तर तो कुणाशी बोलत होता? सगळी विनवणी लटकी ठरते. यार्देन नदीतल्या त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यात आहे, आत्मा उतरतो आहे आणि वाणी वरून येते आहे, एकाच क्षणी.

दुसरी वाट आरियसची. तो आलेक्झांड्रियातला वयस्क, अभ्यासू, लोकप्रिय धर्मगुरू होता. आपलं मत त्याने गाण्यांत बांधलं होतं आणि ती गाणी बंदरावर म्हटली जात. ३१८च्या सुमारास त्याचं आपल्या बिशपशी, अलेक्झांडरशी, बिनसलं. त्याचा मुद्दा साधा होता. देव म्हणजे ज्याला सुरुवात नाही तो. पुत्र पित्यापासून झाला, म्हणजे त्याला सुरुवात आहे. तेव्हा पुत्र हा सर्व निर्मितीत श्रेष्ठ, सर्वांत पहिला, पण निर्माण केलेलाच. ‘तो नव्हता अशी वेळ होती’ हे त्याच्या पक्षाचं घोषवाक्य. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ (योहान १४:२८) यासारखी वचनं त्याच्या तोंडी तयार असत. आरियस मूर्ख नव्हता, दुष्टही नव्हता. आजच्या बऱ्याच सुशिक्षित ख्रिस्ती माणसांना एकांतात विचारलं तर ते आरियसचंच मत सांगतील अशी माझी खात्री आहे.

त्याला खरं उत्तर दिलं अथनेशियसने. निकेयाच्या वेळी तो अलेक्झांडरचा तरुण सेवक-साहाय्यक होता, ३२८ मध्ये बिशप झाला. त्याचा युक्तिवाद पुन्हा प्रार्थनेकडेच जातो. आपण ख्रिस्ताला नमस्कार करतो, त्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो. तो निर्माण केलेला असेल तर आपण निर्मितीची पूजा करतो आहोत, म्हणजे यहुदी आपल्याला जे म्हणतात ते खरं आहे. शिवाय एक निर्मित जीव दुसऱ्या निर्मित जीवाला देवाशी जोडू शकत नाही. बुडणाऱ्याला काठावरचाच माणूस हात देतो. आणि पुत्र नव्हता अशी वेळ असेल तर पिता पिता नव्हता अशीही वेळ होती. मग पितृत्व हा देवाचा स्वभाव उरत नाही, तो त्याने नंतर घेतलेला हुद्दा ठरतो. हा शेवटचा मुद्दा मला आजही सर्वांत भेदक वाटतो.

आता तुमचा कॉन्स्टंटाइन. त्याने ३२५ मध्ये निकेयाला बिशपांची सभा बोलावली. परंपरा ३१८ बिशप म्हणते, इतिहासकार अडीचशे ते तीनशे धरतात. येशू देव आहे की निव्वळ माणूस, असा वाद तिथे नव्हताच. तो जगाच्या आधी होता आणि पूज्य आहे हे आरियसलाही कबूल होतं. वाद होता तो पित्याशी त्याचं नेमकं नातं काय याचा. ‘पित्याशी एकतत्त्व’ हा शब्द विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, घातला गेला, कारण शास्त्रातलं प्रत्येक वचन आरियसचे लोक आपल्या अर्थाने मान्य करत सुटत होते. शेवटी दोनच बिशपांनी सही नाकारली, प्टोलेमाइसचा सेकुंडस आणि मार्मारिकाचा थियोनास. सभेने पवित्र शास्त्रात कोणती पुस्तकं घ्यायची ते ठरवलं, हेही इंटरनेटवर फिरतं. तेही खरं नाही.

सम्राटाने सगळं ठरवलं असतं तर प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं. झालं उलटंच. काही वर्षांतच कॉन्स्टंटाइनने आरियसला परत बोलावण्याची तयारी केली आणि ३३५ मध्ये अथनेशियसलाच हद्दपार करून दूर त्रियेरला पाठवलं. ३३७ मध्ये मरणशय्येवर कॉन्स्टंटाइनला बाप्तिस्मा दिला तो निकोमेडियाच्या युसेबियसने, म्हणजे आरियसच्या सर्वांत वजनदार पाठीराख्याने. त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस तर उघडच निकेयाच्या विरोधात होता. अथनेशियस बिशपपदाच्या पंचेचाळीस वर्षांत पाच वेळा हद्दपार झाला आणि सुमारे सतरा वर्षं गादीबाहेर राहिला. दरबाराचा कौल म्हणाल तर चौथ्या शतकाचा बराच काळ तो आरियसच्या बाजूने होता. निकेयाचं मत टिकलं ते अनेकदा राजसत्तेच्या नाकावर टिच्चून. पुढे ३८० नंतर थियोडोसियसने मात्र सत्तेचं वजन निकेयाच्या पारड्यात टाकलं. तेही झाकून ठेवायचं कारण नाही.

त्या काळातलं एक वर्णन मी वर्गात नेहमी सांगतो. निसाचा ग्रेगरी कॉन्स्टँटिनोपलच्या रस्त्यांबद्दल लिहितो: सुटे पैसे मागितले तर माणूस जन्मलेला आणि न जन्मलेला यावर तत्त्वज्ञान ऐकवतो, पावाचा भाव विचारला तर पिता पुत्राहून मोठा असं उत्तर येतं, अंघोळीचं पाणी तयार आहे का विचारलं तर पुत्र शून्यातून झाला असं कळतं. ग्रेगरी वैतागून लिहितो, पण मला त्या पाववाल्याचा हेवा वाटतो. आपल्याकडे त्रैक्याच्या रविवारी प्रवचन कोण करणार म्हटलं की धर्मगुरू एकमेकांकडे बघतात.

निकेयाच्या सभेने पवित्र आत्म्याबद्दल जवळजवळ काहीच म्हटलं नव्हतं. ‘आणि पवित्र आत्म्यावर’ एवढंच. ती गाठ सोडवली कप्पदुकियाच्या तिघांनी: कैसरियाचा बेसिल, त्याचा धाकटा भाऊ निसाचा ग्रेगरी, आणि त्यांचा मित्र नाझियांझसचा ग्रेगरी. बेसिलवरचा आरोपच पाहा. तो उपासनेत कधी ‘पित्याला पुत्राच्या द्वारे पवित्र आत्म्यामध्ये गौरव’ म्हणे, तर कधी ‘पित्याला पुत्रासह आणि पवित्र आत्म्यासह गौरव’ म्हणे. ‘सह’ म्हटल्याने आत्मा बरोबरीला बसतो, म्हणून लोक खवळले. बेसिलने ३७५च्या आसपास त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, बाप्तिस्मा आपण तिघांच्या नावाने देतो, मग गौरव देताना एकाला दाराबाहेर का ठेवायचं? मत्तयच्या शेवटच्या अध्यायात ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ असं आहे आणि तिथे ‘नाव’ एकवचनी आहे. ‘दिदाखे’ या प्राचीन छोट्या पुस्तकातही याच नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओतायला सांगितलंय. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने आत्म्याला प्रभू आणि जीवनदाता म्हटलं. पिता आणि पुत्र यांच्यासह त्याची उपासना आणि गौरव होतो असं लिहिलं. आज बहुतेक मंडळ्यांत म्हटला जातो तो विश्वासांगीकार या सभेचा मानला जातो.

आता येऊ तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. तीन देव का नाहीत?

हाच प्रश्न त्या काळी एका अब्लाबियसने निसाच्या ग्रेगरीला विचारला होता, आणि तुमच्यापेक्षाही टोकदारपणे. पेत्र, याकोब आणि योहान यांचं माणूसपण एकच आहे, तरी आपण त्यांना तीन माणसं म्हणतो. मग पिता, पुत्र आणि आत्मा यांचं देवपण एक असलं तरी तीन देव का म्हणू नयेत? ग्रेगरीच्या उत्तरातला कणा असा: तीन माणसं तीन वेगळी कामं करतात, एकाच धंद्यात असली तरी प्रत्येकाचं काम वेगळं मोजता येतं. तीन वक्ते म्हणजे तीन भाषणं. देवाचं तसं नाही. निर्मिती, तारण, क्षमा, जीवन देणं, यांतलं कोणतंही काम पित्याचं एक, पुत्राचं दुसरं, आत्म्याचं तिसरं असं सुटं करता येत नाही. प्रत्येक काम पित्यापासून निघतं, पुत्राच्या द्वारे होतं आणि आत्म्यात पुरं होतं. काम एक आहे, इच्छा एक आहे, सत्ता एक आहे, म्हणून देव एक आहे.

मग वेगळेपण कशात? फक्त नात्यात. पिता कुणापासून आलेला नाही. पुत्र पित्यापासून अनादिकाळ जन्म घेतो. आत्मा पित्यापासून निघतो. पाश्चात्त्य मंडळी त्यात ‘आणि पुत्रापासून’ असं जोडते, आणि या जोडणीवरून पूर्व आणि पश्चिम यांच्यातलं भांडण १०५४च्या फुटीत आणि त्यानंतरही धुमसत राहिलं आहे. याखेरीज पित्यात आहे आणि पुत्रात नाही असं काही नाही. म्हणजे ‘एक’ आणि ‘तीन’ हे एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत. एक देव आणि तीन देव असं म्हटलं असतं तर तो वेडेपणा होता. कोण, असं विचारलं तर तीन. काय, असं विचारलं तर एक. तिघांना ‘व्यक्ती’ म्हणतात तेव्हा शेजारीशेजारी बसलेले, स्वतंत्र मनाचे तीन इसम डोळ्यांपुढे आणू नका. पाश्चात्त्य मंडळीचा थोर धर्मपंडित ऑगस्टिन याने या विषयावर पंधरा भाग लिहिले, आणि तोही म्हणतो की ‘तीन व्यक्ती’ हे आपण काही सांगता येतं म्हणून म्हणत नाही, गप्प बसायला नको म्हणून म्हणतो.

दत्ताचा प्रश्न महाराष्ट्रात हमखास येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तीन मुखं, एक देह, तिघांचं ऐक्य, हे चित्र आपल्या घराघरांत आहे. (महानुभावांच्या दत्तात्रेयाला एकच मुख आहे आणि ते त्याला ब्रह्मा-विष्णू-महेशांचा संयुक्त अवतार मानत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) पण त्रिमूर्तीत कामाची वाटणी आहे: एक निर्माण करतो, एक पाळतो, एक संहार करतो. ख्रिस्ती त्रैक्य नेमकी ही वाटणी नाकारतं. ग्रेगरीचं सगळं उत्तर त्या नकारावर उभं आहे. गंमत म्हणजे युरोपातल्या चित्रकारांनाही तीन तोंडांचा देव काढायचा मोह झाला होता. अशा चित्रांवर १६२८ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी बंदी घातली. तेव्हा ‘तुमचं आमचं सारखंच’ असं म्हणणाऱ्या मित्राचा हेतू चांगला असला तरी दोन्ही परंपरांवर त्यात थोडा अन्याय होतो. दत्तसंप्रदाय समजून घ्यायचा तर तो त्याच्याच परंपरेतून घ्यावा.

भारतीय विचारातला दुसरा पूल मला याहून भक्कम वाटतो. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी १८८२च्या एका व्याख्यानात त्रैक्याला सत्, चित्, आनंद या भाषेत पाहिलं. पुढे कॅथलिक झालेल्या ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये ‘वन्दे सच्चिदानन्दम्’ हे संस्कृत स्तोत्र रचलं. ते आजही आश्रमांत आणि चर्चमध्ये गातात. असणं, जाणणं आणि आनंद हे एकमेकांवेगळे काढता येत नाहीत, इथवर हा पूल नेतो. पुढे अडतं. सत् चित्‌वर प्रेम करतं असं वेदान्त म्हणणार नाही. ख्रिस्ती शिकवणीचा गाभा मात्र तोच आहे.

बृहदारण्यक उपनिषदातलं वाक्य तुम्हाला आठवत असेल: ‘एकाकी न रमते.’ तो एकटा होता, त्याला करमेना, म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली, आणि तिथून सृष्टी सुरू झाली. त्रैक्यवादी माणूस हे वाचून थबकतो. प्रेमाला दुसरा लागतो हे त्याला शंभर टक्के मान्य आहे. पण देवाला त्यासाठी जग निर्माण करावं लागलं असं तो म्हणणार नाही. तसं असेल तर जगाशिवाय देव अपुरा. ‘जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस,’ असं येशू पित्याला म्हणतो (योहान १७:२४). प्रेम देवात आधीपासूनच चालू आहे, आणि जग ही त्याची गरज नसून त्याचं औदार्य आहे. ‘देव प्रीती आहे’ हे वाक्य चर्चच्या भिंतीवर सगळे लिहितात. एकट्या, एकपदरी देवाबद्दल ते कसं म्हणायचं, हे मला कुणी अजून पटवून दिलेलं नाही.

ही शिकवण न पटणाऱ्यांत मोठी माणसं आहेत, आणि त्यांतली काही आपली आहेत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. त्यांच्या वाटचालीत, स्वतः ख्रिस्ती झालेल्या नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. पण बाप्तिस्म्यानंतर त्यांनी प्रश्न विचारणं थांबवलं नाही. १८८५च्या सुमारास वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात ख्रिस्ताचं देवत्व आणि त्रैक्य यांवर त्या चिवटपणे वाद घालतात. भटभिक्षुकांच्या जोखडातून सुटले ती दुसऱ्या धर्मगुरूंच्या जोखडात मान द्यायला नव्हे, असा त्यांचा सूर आहे. ही पत्रं १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापली. मिळाली तर जरूर वाचा. त्याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये पवित्र आत्म्याच्या अनुभवाची मोठी लाट आली आणि तिची बातमी जगभर गेली. शिकवणीशी झगडलेली बाई आत्म्याच्या चळवळीच्या मध्यभागी उभी राहिली. चेल्टनहॅमच्या त्या वादात कोण जिंकलं, हा प्रश्न मला तरी गौण वाटतो.

दुसरीकडे त्रैक्य न मानणाऱ्या यूनिटेरियन ख्रिस्ती लोकांशी आपल्या सुधारकांचे जवळचे संबंध होते. प्रार्थना समाजाचे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले ते त्यांच्याच मदतीने. मराठी सुशिक्षितांना ख्रिस्ती धर्म बऱ्याचदा याच दाराने भेटला, आणि त्यामुळे ‘येशू थोर गुरू, बाकीचं नंतर चिकटवलेलं’ हे मत आपल्याकडे जवळजवळ सामान्यज्ञान होऊन बसलं आहे. यूनिटेरियनांबद्दल मला आदर आहे. फक्त, इतिहासात आधी साधा गुरू आणि नंतर देव असा क्रम दिसत नाही, एवढंच वर दाखवलं.

आणि हो, या शिकवणीच्या नावाने पापही झालं आहे. मिगेल सर्वेटस या स्पॅनिश वैद्याला त्रैक्य नाकारल्याबद्दल १५५३ मध्ये जिनिव्हात जिवंत जाळलं, आणि त्यात तिथला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन याचा हात होता. प्रेमाचा देव सिद्ध करायला माणूस जाळणाऱ्यांचं समर्थन मी करत नाही.

काही किरकोळ गैरसमज पटकन मिटवतो. मरिया त्रैक्यात नाही, कधीच नव्हती. पिता, माता आणि पुत्र असं कुठलीही मुख्य मंडळी शिकवत नाही. ‘पुत्र’ म्हणजे देवाने लग्न करून झालेलं मूल नव्हे. मुसलमान मित्रांचा आक्षेप बहुधा या समजावर असतो, आणि त्या अर्थाने तो आक्षेप ख्रिस्ती माणसालाही मान्यच आहे. आणि कुणी ख्रिस्ती वादात १ योहान ५:७ मधलं ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघे’ हे वचन तुमच्यापुढे नाचवलं तर त्याला नम्रपणे सांगा की जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. सोळाव्या शतकातला विद्वान एरास्मस याने आपल्या ग्रीक नव्या कराराच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, १५२२च्या तिसऱ्या आवृत्तीत घातलं. त्रैक्य त्या वाक्यावर उभं नाही. चौथ्या शतकातल्या ग्रीक वादांत कुणी ते वापरलेलंही दिसत नाही.

तुम्हाला मुळात जाऊन पाहायचं असेल तर सभांचा इतिहास नंतर वाचा. आधी योहानाच्या शुभवर्तमानाचे चौदा ते सतरा हे अध्याय एका बैठकीत वाचा. तिथे येशू पित्याशी बोलतो, पित्याबद्दल बोलतो आणि ‘दुसरा कैवारी’, म्हणजे पवित्र आत्मा, पाठवण्याबद्दल बोलतो, आणि तरी ‘ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं’ असंही म्हणतो. यांतलं एकही वाक्य न गाळता सगळी एकत्र कशी धरायची, ते स्वतः करून बघा. साबेलियस आणि आरियस दोघांनाही काहीतरी गाळावं लागलं होतं. मग विश्वासांगीकार वाचा, तो तुम्हाला वेगळा वाटेल. आणि शेजारी कुणी ख्रिस्ती असेल तर त्याला बेरीज विचारू नका. तू प्रार्थना कुणाला करतोस, कुणाच्या नावाने करतोस आणि ती करायचं बळ कुठून येतं, हे विचारा.